जमिनीमागे एक माणूस

"तुम्ही स्वतःला धरलंच नाहीत," कारखान्याचे मॅनेजर चिटणीस साहेब म्हणाले, आणि मी हसलो. खरंच हसलो, कारण मला वाटलं चेष्टा करताहेत. समोर लॅपटॉपवर माझा तक्ता उघडा होता. डावीकडे 'आत करा', उजवीकडे 'बाहेरून घ्या'. त्यांनी पेनाचं टोपण स्क्रीनवर टेकवलं. "जमिनीची माणसं पाच लिहिलीत. सहा आहेत. सहावे तुम्ही." मी पुन्हा हसलो, पण या वेळी अर्धाच. ते मात्र अगदी शांतपणे, पोराला गणित समजावून सांगावं तसे बोलत राहिले. "हे बघा, वाइंडिंग बाहेर दिलं तर इथं कॉस्टिंगला काम काय उरतं? उरेल तेवढं पुण्याहून होईल. म्हणजे तुमचा पगार खरं तर वाचणाऱ्या खर्चात जायला हवा. पण तो तिथे धरता येत नाही, कारण तुम्ही जमिनीतले. तुम्हाला काढलं तर गाव गेटवर येणार. तेव्हा तो दोन्हीकडे सारखा. खोडा. तुमचा तक्ता तसा बरोबरच आहे, बाहेरून घेणं परवडत नाही. थोडक्यात नाही परवडत, पण नाही परवडत. मी आपलं कारण पूर्ण लिहावं म्हणून म्हटलं." मी म्हणालो, "मी? जमिनीतला?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, तिकडच्या शेडखालची जमीन तुमच्या वडिलांचीच ना? मोठ्या शेठनी शब्द दिला होता, त्या शब्दातली तुमची जागा. मला इथं आल्याआल्या एचआरनं सांगितलं. तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल?" आणि मी, स्वरूप कमळाकर, बी.कॉम., कॉस्टिंगची इंटर पास, सगळ्या गावात स्वतःच्या हिमतीवर वर खुर्चीत बसलेला एकटा माणूस, चटकन म्हणालो, "हो, माहीत आहे की."

खोटं बोललो. का बोललो ते देव जाणे. तोंडातून निघून गेलं. बाहेर आलो तर कानात दडे बसल्यासारखं झालेलं. खालच्या शेडमधला वाइंडिंग मशीनचा आवाज रोज डोकं उठवतो, तो आज लांबून, कोणी दार लावून घेतल्यासारखा येत होता. माझ्या टेबलावर चहा ठेवलेला होता, त्यावर साय आली होती. मी ती बोटानं बाजूला सारली आणि बोट पुसायचंच विसरलो. पाच नव्हे, सहा. अरे, पण ती पाच मीच लिहिली होती. मीच एकेकाचं नाव टाकलं होतं, आणि टाकताना मनात थोडं हसलोही होतो, का खोटं बोलू? जमिनीची माणसं म्हणजे कोण, तर ज्यांच्या बापजाद्यांच्या माळावर हा कारखाना उभा राहिला ती. मुरबाड-शहापूर रस्त्याच्या कडेला तेव्हा नुसतं कुसळी गवत होतं. मोठ्या शेठनी जमीन घेतली, पैसे दिले आणि वर शब्द दिला, की एका जमिनीमागे घरातला एक माणूस कायमचा आत. कागद नाही, शिक्का नाही. पण तो शब्द शेठ गेल्यावरही मोडता आला नाही, कारण मोडला की बायकापोरांसकट गाव रस्त्यावर बसतं, हे एकदा झालेलं सगळ्यांना आठवतं. मग ती माणसं कोणी स्टोअरमध्ये डुलक्या काढतात, कोणी गेटवर बसतात, कोणी खरोखर राबतातही. पण कोणीही असो, कारखाना अर्धा बंद केला तरी त्यांचा पगार चालू. हिशेबात अशा खर्चाला मी एकच नियम लावतो. जो खर्च हे केलं तरी होणार आणि ते केलं तरी होणार, त्याचा निर्णयाशी संबंध नाही. तो खोडायचा. मशीनवर पूर्वी घातलेले पैसे, तेही खोडायचे, गेले ते गेले. दोन्ही बाजूंचं सारखं सगळं खोडून झाल्यावर जे उरतं, तोच फरक, आणि निर्णय त्या फरकावर घ्यायचा. बाकी सगळं रडगाणं.

या रीतीवर माझं प्रेम आहे. हो, प्रेमच. आम्ही विहिरीतले पंप बनवतो. त्याच्या आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं आमच्याकडच्या बाया मशीनवर गुंडाळून हातानं भरतात, त्याचं नाव वाइंडिंग. आता कोइमतूरचा एक जण ते भरलेलं तयार द्यायला निघालाय, आणि पुण्याच्या ऑफिसला वाटतंय की हा विभागच बंद करावा. लोक लगेच भावनेवर जातात, इतक्या वर्षांचा विभाग, इतकी मशीनं. मी म्हणतो, थांबा, आधी खोडा. घरीसुद्धा माझं हेच. म्हैस ठेवायची की दूध विकत घ्यायचं, शहापुरात भाड्यानं राहायचं की गावाहून येजा करायची, मी जेवता जेवता बोटानं ताटाच्या कडेवर दोन रेघा मारतो. माझी बायको दर्शना म्हणते, "एक दिवस मलाही खोडाल तुम्ही." मी म्हणतो, "तू दोन्हीकडे सारखी आहेस, तुला खोडलं तरी तू राहतेसच." मला हा विनोद फार आवडतो. तिला नाही आवडत.

आणि बाकीच्यांना सांगायची माझी दुसरी आवडती गोष्ट म्हणजे माझ्या मुलाखतीची. ती मी किती लग्नांत, किती बारशांत, हळदीच्या मांडवात खुर्ची ओढून सांगितली आहे याचा हिशेब नाही. मोठे शेठ पलीकडे बसलेले. मी घामाघूम. मी पाठ करून गेलेलो सगळं, कुठला खर्च स्थिर, कुठला बदलता. शेठनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "आप्पांची तब्येत कशी आहे?" मी म्हणालो, बरी आहे. मग म्हणाले, "चहा घेणार?" मी म्हणालो, घेईन. आणि चहा घेता घेता मीच न राहवून त्यांना त्यांच्या तांब्याच्या वाया जाणाऱ्या तुकड्यांचा हिशेब सांगायला लागलो, तर शेठ म्हणाले, "बस, बस. सोमवारी या." इथे मी मांडवात थांबायचो. आणि म्हणायचो, "बघा, पाच मिनिटांत माणूस ओळखला." लोक मान डोलवायचे. कोणी म्हणायचं, "हुशार आहेस बाबा तू." अरे देवा. टेबलापाशी बसल्या बसल्या माझे कान तापले. आप्पांची तब्येत कशी आहे. त्या माणसानं मला दुसरं काहीही विचारलेलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आप्पा मुरबाडच्या बाजारातून काळे बूट घेऊन आले होते. मी म्हटलं, कशाला, मित्राचे घेतो एक दिवस. तर ते बूट दाबून बघत म्हणाले, "एक दिवस कशाला? रोज घालायला लागतील." मला वाटलं बापाचा पोरावर विश्वास. त्या वाक्यानं मला भरून आलं होतं. आप्पा गेले तेव्हा स्मशानातून परत येताना मला तेच वाक्य आठवून रडू आलं होतं. आता कोणाला विचारू? आप्पांना विचारता येत नाही. त्यांच्यावर चिडावं तर चिडायला समोर माणूस नाही, आणि चिडतोय कशावर, तर त्यांनी मला नोकरी लावून दिली यावर. असल्या चिडण्याला काही अर्थ आहे का?

पण यात आणखी एक गोष्ट होती. ती हळूहळू पुढे आली, आणि आली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. तो माळ एकट्या आप्पांचा नव्हता. सातबारावर दोघं भाऊ होते, आप्पा आणि नाना. जमीन एक, म्हणजे माणूस एक. नानांना एकच मूल, सरिता. माझ्याच वर्गातली, माझ्याहून काही महिन्यांनी मोठी, लहानपणी मला ढोपरानं मारणारी. काही वर्षं घरी काढून मग तिनं शहापूरच्या आयटीआयला वायरमनचं शिक्षण घेतलं, वर्गात एकटी मुलगी. पास झाल्यावर ती सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून इथं गेटवर आली होती. मी तेव्हा वर खुर्चीत बसलेला. खाली जाऊन भेटलो. तिला घेतलं नव्हतं. आणि मी, मी तिला काय म्हणालो? आठवलं. मी म्हणालो, "निराश होऊ नकोस गो. इथं मेरिटवर घेतात. प्रयत्न करत राहा." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो रे. तू हुशारच." मी ते खरं धरून वर आलो होतो. पुढे तिचं लग्न झालं, नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता, तो पाठीनं अंथरुणाला खिळला. मग ती कंत्राटदाराकडून इथंच वाइंडिंगला लागली. कंत्राटातली बाई. माझ्या तक्त्यात 'वाचणारा खर्च', पहिलीच ओळ. विभाग बंद झाला तर त्याच दिवशी तिचं काम संपणार. आज तो बंद होत नाही हे खरं, पण पुढच्या वर्षी पुन्हा तक्ता मागतील, कोइमतूरवाला पुन्हा भाव उतरवेल, आणि पहिली ओळ पुन्हा तीच असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेलो. मी कधी जात नाही, त्यामुळे बाया एकदम गप्प झाल्या. भिंतीला टेकून डबे उघडून बसलेल्या होत्या, बहुतेक डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या. हवेत वार्निशचा गोडसर उग्र वास. लहानी म्हणून एक आहे, सगळ्यांत वयानं मोठी, तिनं पदर सारखा केला. रविना तिची सून, ती तोंडात हसू दाबून बसलेली. "काय रे, आज खाली कसा काय?" सरिता म्हणाली. "वरचा पंखा बंद पडला का?" बाया हसल्या. "बस की. साहेब हायस म्हणून काय उभाच राशील?" मी बसलो. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर सुकटीची चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिला. तिच्या बोटांच्या पेरांवर तारेनं कापल्याचे बारीक पांढरे व्रण होते, एकावर एक. मी ते यापूर्वीही पाहिले असणार. "तोंड का उतरलाय तुझा?" तिनं विचारलं. "दर्शना बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी आहे. "मग पुन्यावाले बंद करतात काय आमाला? या सकाळपासून तेच इचारतात. मी सांगितला, आमचा स्वरूप वर बसलाय, तो बघंल." लहानी म्हणाली, "व्हय दादा, तुमी हाव म्हणून झोप लागते." मी म्हणालो, "बंद नाही होत. तक्ता तसाच आहे." रविनानं सासूच्या पाठीवर थाप मारली, आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या, कोणाच्या घरी मोहाची फुलं वाळत घातलीत, कोणाच्या पोराची दहावी, आणि सरिता मला ढोपरानं ढोसत म्हणाली, "बघ, एका वाक्यात जेवण गोड केलास." तिथेच मला सांगायला हवं होतं. तिथेच तिला विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, विचारायचं काय त्यात? चोरीची वस्तू परत देताना मालकाला विचारतात का, की घेणार का? आणि मला ती देताना कोणी पाहायला नको होतं, अगदी तिनंही. मला आतून हलकं वाटायला लागलं होतं. सकाळपासून पहिल्यांदा मी नीट श्वास घेतला. हात धुतले आणि जिना चढलो.

चढताना मी मनात मांडणी केली, कारण ती केल्याशिवाय मला काही करताच येत नाही. एक माणूस जमिनीतून बाहेर, एक माणूस जमिनीत आत. मी बाहेर, सरिता आत. पाच होते तिथे सहा, सहाचे सहाच. माणसामागे माणूस. दोन्हीकडे सारखं, खोडा. तक्त्याला धक्का नाही, विभागाला धक्का नाही. फक्त माझं काय ते माझं मी बघीन, हातात शिक्षण आहे, कल्याणला, भिवंडीला कुठेही काम मिळेल, दर्शना चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल. गावातही जमिनीची माणसं अशीच मोजतात. बाप रिटायर झाला की मुलगा, मुलगा नको म्हणाला तर पुतण्या, डोक्याला डोकं. पगार कोणाचा किती हे कोणी विचारत नाही. मीही नाही विचारलं. मी, ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्यानं जिना चढताना गावातल्या म्हाताऱ्यासारखी डोकी मोजली.

"साहेब, एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. चिटणीसांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. जमीन दोघा भावांची होती, जागा एकच होती, ती माझ्याकडे यायला नको होती. ती माझ्या चुलतबहिणीची, खाली वाइंडिंगला आहे, सरिता. तिचं नाव जमिनीत घ्या. माझं काढा. मला तुम्ही गरज असेल तर ठेवा, नसेल तर नका ठेवू, गाव येणार नाही, ते मी बघतो. माझा आवाज थरथरत होता आणि खरं सांगतो, मला त्या थरथरीचं थोडं कौतुकही वाटत होतं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "फार मोठी गोष्ट करताय." त्यांनी एचआरच्या माणसाला बोलावलं आणि मला त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा नीट, स्पष्ट. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "म्हणजे हा इकडे," ते पुटपुटले, आणि माझा पगार उचलून 'वाचणारा खर्च' या रकान्यात टाकला. "आणि त्यांची मजुरी इथून बाहेर." सरिताची ओळ त्यांनी पुसली. ओळ लहान होती. माझी मोठी होती. तक्त्याच्या तळाशी फरकाचा आकडा होता, सकाळपासून तो थोडक्यात आमच्या बाजूला उभा होता. तो हलला आणि दुसऱ्या बाजूला गेला. मी बघतच राहिलो. "बरं झालं," चिटणीस म्हणाले, आणि तो माणूस दुष्ट नव्हता हो, त्यांच्या आवाजात खरंच सुटल्याचं समाधान होतं. "एवढंच अडत होतं. आता बाहेरून घेणं परवडतं. मी पुण्याला कळवतो, या महिनाअखेर विभाग बंद."

"थांबा," मी म्हणालो. "थांबा साहेब. माझी चूक झाली. मी डोकी मोजली." "काय मोजलंत?" "डोकी. माणसं. पगार वेगळे आहेत हे माझ्या—" मी कॉस्टिंगवाला. सारखं काय आणि वेगळं काय हे पाहायचे मला पैसे मिळतात. "मी शब्द मागे घेतो. जुनं होतं तसं ठेवा. मीच जमिनीतला." चिटणीसांनी एचआरच्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आत्ताच तुम्ही म्हणालात की ही जागा तुमची नव्हतीच. आम्हा दोघांसमोर म्हणालात. मग परत कशी घेणार? बहिणीकडून काढून?" मी उभा होतो. ते म्हणाले, "बसा, पाणी घ्या." मी बसलो नाही. मला एवढंच कळत होतं की सकाळी मला कोणी काही सांगितलं नसतं, किंवा सांगितल्यावर मी चोरासारखा गप्प बसलो असतो, तर खालच्या सगळ्या बाया पुढच्या महिन्यातही आल्या असत्या. माझ्या बापाच्या लबाडीवर त्यांची चूल चालली होती. मी खरं बोललो आणि ती विझली. हे असं कसं असू शकतं? हे मी आजही मांडून बघतो, आणि मला ते कुठल्याच बाजूला धरता येत नाही.

शिफ्ट सुटली तेव्हा सरिता नळावर हाताचं वार्निश दगडानं घासत होती. बाकीच्या गेटपाशी टोकावड्याकडच्या गाडीची वाट बघत उन्हातच बसलेल्या. मी तिला सगळं सांगितलं, एका दमात, उलटसुलट. तिनं नळ बंद केला. "म्हंजे बंद?" "बंद. पण तुझी जागा पक्की. जमिनीतली. पॅकिंगला टाकतील तुला." "आनि या?" तिनं हनुवटीनं गेटाकडे दाखवलं. "या सगल्या?" मी म्हणालो, "सरिता, मला माहीत नव्हतं गो. आईशप्पथ माहीत नव्हतं. ती जागा तुझी होती." ती ओले हात पदराला पुसायला लागली, बराच वेळ पुसत राहिली. "माझी कुठं? माझ्या बापानं दिलेली तुझ्या बापाला. पोर लगीन करून जाईल, असा बोलून दिलेली. मी ओटीवरच बसलेली, तांदूळ निवडीत." "म्हणजे तुला ठाऊक होतं?" "सगल्या गावाला ठाव हाय. तुलाच नवता."

सगळ्या गावाला. माझ्या डोळ्यांपुढे मांडव आले, एकामागून एक, आणि त्यातली माणसं, मान डोलवणारी. कोणी कधी हसलं नव्हतं. कोणी टोमणा मारला नव्हता. सगळे ऐकून घ्यायचे. मी म्हणालो, "मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही? तू का नाही बोललीस?" ती म्हणाली, "काय बोलायचा? तू इतका खुशीत सांगायचास. आमाला आवडायचा ऐकायला." हे ती चिडवून म्हणाली नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. मग मात्र तिचा आवाज चढला. "पन मी तुझ्याकडं मागितलेली काय रे? आज, उद्या, कधी मागितलेली? मघाशी माझ्या बाजूला बसून जेवलास. एक शब्द इचारला असतास तर मीच सांगितला असता, नको, हाय तसा राऊ दे, सगल्यांचा चाललाय. तवा पन मला कोनी इचारला नाय. आता पन नाय." मी म्हणालो, "चुकलो." ती म्हणाली, "चुकलास." आणि एवढ्यात जिन्यावरून एचआरचा माणूस ओरडला, "सरिताताई, वर या, सही करायची आहे." ती तशीच उभी राहिली. एकदा गेटाकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. माझ्या मनात आलं, म्हण, नाही म्हण, फेक माझ्या तोंडावर. पण घरी तिचा नवरा पाठीवर पडून होता. तिनं पिशवी काखेत मारली, माझ्याकडे न बघता जिना चढली, आणि पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज वरपर्यंत येत राहिला.

मी गेटातून बाहेर पडलो. लहानी उठून उभी राहिली. "सरिता कुठं गेली, दादा? गाडी येईल." मी म्हणालो, ती वर आहे. "तुमचा तोंड असा का? काय झाला?" मी म्हणालो, "महिनाअखेरपर्यंत या. मग येऊ नका. विभाग बंद होतोय." तिला कळलं नाही. दुपारी मीच सांगितलं होतं ना, होत नाही म्हणून. ती माझ्याकडे बघून हसली, आपण मोठ्या माणसाच्या चेष्टेवर हसतो तशी, आणि मग तिचं हसू तिथंच राहिलं. तिनं मागे वळून हाक मारली, "ए रविना, ए पोरींनो, हिकडं या गो सगल्या." त्या आल्या, माझ्याभोवती गोळा झाल्या, दोघीतिघी खालीच बसल्या. लहानी म्हणाली, "आता सांगा, दादा. काय झाला, कसा झाला, पयल्यापासून सांगा. यांनी ऐकला नाय."